दौलतच्या वस्तूंचा दुसरा फोटो

फोटोग्राफरने थोडे संशयी असावे लागते, आणि मी गरजेपेक्षा जास्तच होतो. माझी बायको म्हणायची, "तुम्हाला देव जरी भेटला तरी आधी विचाराल, कशावरून?" पण माझा धंदा ज्या गावात आणि ज्या काळात चालला, तिथे दुसऱ्या स्वभावाच्या माणसाचे दुकान टिकलेच नसते.

भिलाईचा कारखाना तेव्हा उभा राहत होता. आज सिविक सेंटरला जाऊन रंगीत फोटो घेऊन येणाऱ्यांना सांगून खरे वाटणार नाही, पण मरोद्याच्या रस्त्यावर एका पत्र्याच्या खोलीत माझा स्टुडिओ होता आणि दारात कायम रांग असे. माणसे भंडाऱ्याची, नागपूरची, पंजाबची, आंध्रची. कोणी कोणाला ओळखत नव्हते. जिथे ओळख नसते तिथे पास लागतो, आणि पासाला फोटो लागतो. माझी भाकरी त्यावर चाले. दुकानातला एकच कोट दिवसभर सगळ्यांच्या अंगावर चढायचा. एक जण आला आणि हळूच म्हणाला, "भैया, फोटू मेरा ही खींचो, पर थोडा बड़े भाई जैसा आने दो." नोकरी भावाच्या नावावर लागली होती आणि भाऊ गावी पळून गेला होता. त्याला मी आल्या वाटेने परत पाठवले.

दुसरा एक गडी आपला फोटो पाहून भांडायलाच उठला. "हा मी नाहीच." मी म्हटले, का बुवा? तर म्हणे भांग उलट्या बाजूला आहे. जन्मभर स्वतःला आरशात पाहिलेले, आणि आरशात डावे ते उजवे दिसते. त्याला समजवायला अर्धी दुपार गेली, आणि जाताना तो म्हणालाच, "तुम्ही म्हणता म्हणून घेतो."

दुकान मी एका मास्तरांकडून घेतले होते. ते नागपूरचे, मोठे बोलके. दारावर त्यांनी मोठ्या अक्षरांत पाटी लावली होती, 'येथे सर्व फोटो नवीन फिल्मवर काढले जातील'. दुकान मला देऊन ते दक्षिणेकडे कुठे गेले, परत आले नाहीत. त्यांचे जुने गिऱ्हाईक माझ्याकडे येऊन सांगे, "मास्तर माणसाले काळा करायचे. तुमच्या हातून रंग बरा येते." मी ते माझ्या हाताचे कौतुक समजून मान डोलवत असे.

तर अशा दुकानात एके दिवशी भागरथाबाई आली. साठीची असेल, लुगडे स्वच्छ, कमरेला चंची. पानसुपारी ठेवायची ती कापडी पिशवी तिने लाल आणि निळ्या तुकड्यांची स्वतः शिवलेली होती. काखेत टॉवेलात गुंडाळलेली एक तसबीर. तिने ती टेबलावर ठेवली, पण हात काढला नाही.

"हा माह्या पोराचा फोटू. पुसट होऊन राहिला. मोठा करून देशील का, बापू?"

मी पाहिले तर फोटोत पोरगा नव्हताच. एक स्टूल होते. स्टुलावर घडी केलेला पांढरा दुपट्टा, काळा इनॅमलचा मग, गवंड्याची थापी. खाली स्टुलाच्या पायाशी वहाणांचा जोड. बस.

मग तिने सांगितले. दौलत तिचा मोठा मुलगा. भट्टीच्या पायाच्या कामावर गवंडी होता. ठेकेदाराच्या हजेरीवर असल्यामुळे पास नव्हता, म्हणून फोटो नव्हता. काढू काढू म्हणत राहिले. एका पावसाळ्यात तापाने आजारी पडला आणि गेला. नदीनाले भरलेले, आई गावाहून निघू शकली नाही. तोंडही पाहता आले नाही. तेव्हा त्याच्या बायकोने, पंचफुलाने, त्याच्या रोजच्या वस्तू मास्तरांकडे नेल्या आणि मांडून फोटो काढवला, सासूला पाहायला काहीतरी हवे म्हणून. तो गावी पोचला आणि भिंतीवर बुद्धाच्या तसबिरीशेजारी लागला. पाच-सहा वर्षे म्हातारी रोज सकाळी त्या फोटोपुढे उभी राहत आली होती.

"चेहरा म्हणशीन त हाच आहे माह्यापाशी," ती म्हणाली.

फोटो मोठा करण्यात अर्थ नव्हता. छापल्यावर फोटो हायपोच्या, म्हणजे चित्र पक्के करणाऱ्या औषधाच्या, पाण्यातून काढून साध्या पाण्यात भरपूर वेळ धुवावा लागतो. मास्तरांनी पाणी वाचवले होते, कागद पिवळा पडून मरत चालला होता. मोठा केला असता तर डागच मोठे झाले असते. आणि मूळ निगेटिव्ह कुठे असेल विचारू नका. जुन्या निगेटिव्ह त्यांतल्या चांदीसाठी भंगारात विकायची तेव्हा पद्धत होती.

मी विचारले, "वस्तू आहेत अजून?"

"सून म्हणते आहेत. पेटीत. म्या नाई पाह्यल्या. आताच गावचं आटोपून इथं राहाले आली."

"मग त्याच वस्तू तशाच मांडून नवा फोटो काढू. ह्याच्यापेक्षा चांगला येईल."

हे मी फुशारकीने म्हटले खरे, पण त्यात तथ्य होते. मास्तरांचा फोटो एका दिव्यावर काढलेला, दिवा बरोबर समोर. समोरचा उजेड म्हणजे वस्तूच्या तोंडावर मारलेली थप्पड. सगळे सपाट दिसते, मागे काळी सावली पडते आणि मगावर उजेडाचा पांढरा गोळा उठतो. मला एका रशियन साहेबाने हातवारे करून शिकवले होते की दिवा बाजूला घ्यायचा, खाली घ्यायचा आणि त्याच्यापुढे नकाशे काढायचा पातळ कागद ताणायचा. उजेड गाळून येतो. दुसऱ्या बाजूला चुन्याने रंगवलेली फळी ठेवायची, म्हणजे सावलीतलेही दिसते. अशा उजेडात कापडाचा धागा न् धागा मोजून घ्या.

ठरल्या दिवशी दोघी आल्या. पंचफुला बांधकामावर रेजा होती, डोक्यावर घमेली वाहून मान ताठ झालेली. बोलणे कमी. बरोबर तिची मुलगी बेबी, नुकतीच शाळेत जाऊ लागलेली. बाहेर पंचफुलाचा भाऊ सायकल धरून उभा होता. तो अहिवाऱ्याकडे चुनखडीच्या खाणीत कामाला होता आणि बहिणीची पेटी कॅरिअरला बांधून त्यानेच आणली होती.

पेटी उघडली. पंचफुलाने एकेक वस्तू काढून स्टुलावर ठेवली. मी जुना फोटो हातात धरून जागा जुळवत होतो. थापी ठीक. वहाणा ठीक. इनॅमलचा मग ठेवला, तो लाल होता. आणि दुपट्टा निघाला तो गडद निळा.

भागरथाबाईने आधी फोटोकडे पाहिले, मग स्टुलाकडे, मग सुनेकडे.

"हा कोणाचा आहे वं?"

"त्याहीचाच आहे, माय."

"माह्या दौलतचा दुपट्टा पांढरा होता. दीक्षा घ्याले गेला तवा साऱ्याहीनं पांढरं घातलं होतं. थो दीक्षेचा दुपट्टा आहे. पाच-सहा वर्सं पाहून राहिली मी त्याले. आन् थो मग काळा होता. हे कोणाचं उचलून आणलं तू?"

"दीक्षेहून येताना बाजारातून निळाच घेतला होता त्याहीनं. आन् मगही लालच होता."

"मंग फोटू लबाड आहे का?"

म्हातारीची नजर दाराबाहेर गेली. सायकलीपाशी भाऊ उभा, आणि त्याच्या डोक्याला पांढरा दुपट्टा.

काय सांगू, माझीही नजर तिथेच गेली होती. तिच्या आधी गेली असेल. भाऊ बिचारा आत आला, काय झाले ते त्याला कळले, त्याने डोक्याचा दुपट्टा सोडून दाराच्या चौकटीवर आपटला. खोलीभर चुनखडीची धूळ उडाली आणि खालून पिवळा कपडा निघाला. मला खोकला आला. म्हातारी हलली नाही.

"आज हा गुंडाळला. थो घरी ठेवला असन," ती म्हणाली. संशयाला तळ नसतो, हे मी इतरांपेक्षा चांगले जाणतो.

मग ती माझ्याकडे वळली. "तू काढ फोटू. चांगला साफ काढ. पुरावा पायजे मले. चार माणसं जमवून दोन्ही फोटू समोर ठेवतो. जे बाई मेलेल्या नवऱ्याच्या दीक्षेचा कपडा माहेरी वाटते, तिच्यापाशी माही नात नाई ठेवत. बेबीले घेऊन वापस गावी जातो."

बेबीने आईचा पदर धरला. पंचफुलाने वहाणा जरा सरळ केल्या.

मी फोटो काढला. माझे कामच ते. पण कॅमेऱ्यावरच्या काळ्या कपड्यात डोके घातल्यावर मला जाणवले की आज मी पोर हिरावून नेण्याचा कागद तयार करतो आहे.

फोटो छापला तेव्हा म्हातारीचेच खरे ठरायला लागले. माझ्या फोटोत दुपट्टा गडद, इनॅमलचा मग करडा. जुन्या फोटोत दुपट्टा पांढरा, मग काळा. शेजारी ठेवले तर आंधळ्यालाही फरक दिसावा.

आणि त्यात भर म्हणून पंचफुला एकटीच दुकानात आली. कामावरून सरळ, पायांना सिमेंट.

"भाऊ, एक विचारू? फोटूत दुपट्टा पांढरा करता येते का?"

येतो. निगेटिव्हवर शिसपेन्सिल आणि ब्रश चालवून मी कितीतरी नवऱ्या मुलांच्या चेहऱ्यावरचे देवीचे वण बुजवले होते. पण मी विचारले, "वस्तू खऱ्या आहेत तर रंग का बदलायचा?"

"खरं काय थे मले मालूम आहे. पण मले खरं नाई पायजे, भाऊ. मले पोरगी पायजे."

मी नाही म्हटले. ती गेली. आणि माझ्या मनातला संशय पक्का झाला. खरी असती तर अशी गयावया का केली असती? मी दोन्ही फोटो समोर घेऊन बसलो आणि भिंग लावले. तिची चोरी पकडायचीच म्हणून मी ते लावले होते, हे नमूद करतो.

जुन्या फोटोतल्या काळ्या मगाच्या काठावर इनॅमलचा टवका उडालेला होता. आकार जरा लांबट, एका टोकाला फाटा. माझ्या फोटोतल्या मगावर त्याच जागी तसाच टवका, तसाच फाटा. दोन्हींत तोच मग होता. रंग मात्र दुसरा. मगाचा रंग बदलता येईल एक वेळ, पण टवका जसाच्या तसा कोण उडवेल? आणि वस्तू बदलणारा माणूस उघड उघड वेगळ्या रंगाची वस्तू कशाला आणेल? बाईवर बसलेला माझा संशय तिथून उठला आणि मास्तरांवर जाऊन बसला.

हे धंद्याबाहेरच्या माणसाला सांगायला हवे. काळ्यापांढऱ्या फिल्मला रंग दिसत नाहीत, फक्त उजेड दिसतो. पण जुन्या जातीच्या फिल्मला लाल रंगाचा उजेड मुळीच दिसत नसे. लाल वस्तू तिच्यावर काळी येई. उलट निळ्यावर ती फिदा, निळे जवळजवळ पांढरे करून टाकी. आपल्या गव्हाळ कातडीत लाली असते, म्हणून त्या फिल्मवर सगळी माणसे काळपट येत आणि बायकांचे कुंकू म्हणजे काजळाचा ठिपका. नवी फिल्म आली आणि ही खोड गेली. माझ्या हाताने रंग बरा यायचा तो ह्यामुळे! मास्तरांनी पाटीवर नवीन फिल्म लिहिली आणि आत जुना साठा संपवला. आणि गवंड्याच्या विधवेच्या चार वस्तूंना तर चेहराही नव्हता. त्यांना काळे केले म्हणून कोण तक्रार करणार, असे त्यांना वाटले असणार. धंद्यातल्या माणसाचा राग मला क्वचित येतो. त्या दिवशी आला.

जुन्या जातीची फिल्म माझ्याकडेही होती. सर्टिफिकेटांच्या नकला काढायला ती फार उत्तम. मी भागरथाबाईला निरोप पाठवला, वस्तू घेऊन या, सून आणि नातही येऊ दे.

मी समजावले ते तिने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, "तुले सुनेनं काही देल्लं का?"

मी चिडलो नाही. मीही हेच विचारले असते. म्हटले, "माय, माझ्यावर विश्वास ठेवू नका. तुमची चंची द्या."

"कावून?"

"तिच्यात लाल तुकडा आहे, निळाही आहे. तुम्ही शिवलेली, तुमच्या कमरेची. ती दुपट्ट्याशेजारी तुमच्या हाताने ठेवा. जुन्या फिल्मवर फोटो काढतो. ती धुताना तुम्ही आत माझ्याजवळ बसा."

नवी फिल्म संपूर्ण अंधारात धुवावी लागते, तिथे मी काय काय केले असे म्हातारीने म्हटले असते कोण जाणे. जुन्या फिल्मला लाल दिसत नाही, त्यामुळे ती लाल दिव्यात धुता येते. तो आंधळेपणा त्या दिवशी कामी आला.

फोटो काढल्याबरोबर तिने चंची उचलून मुठीत घेतली आणि माझ्यामागे डार्करूममध्ये आली. लाल दिव्याखाली स्टुलावर बसली. माझ्या हातांवरून तिची नजर हटत नव्हती. मी बाहीत काही लपवले नाही हे दाखवायला बाह्या वर केल्या. निगेटिव्ह वाळेपर्यंत दोघे बाहेर बसलो. पंचफुला दारात, बेबी तिच्या मांडीवर. मग पुन्हा आत. कागद औषधात टाकला. ज्यांनी कधी पाहिले नाही त्यांना सांगतो, कोऱ्या कागदावर चित्र उगवताना पाहणे हे इतक्या वर्षांनी मलाही नवेच वाटते. आधी मग आला, काळा ठार. त्यामागून चंचीचा लाल तुकडा आला, तोही काळा. निळा तुकडा आणि त्याच्या शेजारचा दुपट्टा मात्र आलेच नाहीत. दोन्ही पांढरे राहिले.

म्हातारीने ट्रेवर वाकून पाहिले. मग चंची उघडून आत सुपारी आहे का तेही पाहिले.

बाहेर उजेडात येऊन तिने तीन फोटो ओळीने मांडले. जुना, माझा पहिला, आणि हा ओला.

"फिल्मचं समजलं," ती शेवटी म्हणाली. "पण वस्तू त्याच्याच कशावरून? निळे दुपट्टे बाजारात गंज, ढिगानं भेटतात."

माझे सगळे शास्त्र संपले. वस्तू त्याच आहेत हे मी सिद्ध केले होते, पण त्या दौलतच्या आहेत हे मला सिद्ध करता येत नव्हते. पंचफुलाने बेबीला जवळ ओढले. मी काहीतरी बोलणार होतो, तेवढ्यात म्हातारीने माझा पहिला फोटो उचलून डोळ्यांजवळ नेला. आतापर्यंत तिने त्यात फक्त दुपट्टा पाहिला होता. आता तिचे बोट खाली, वहाणांवर आले.

जुन्या फोटोत त्या वहाणा म्हणजे दोन काळे डाग होते. माझ्या बाजूच्या उजेडात चामड्यावरचे खळगे उमटले होते, चालून चालून पडतात ते. टाचेचा, चवड्याचा, बोटांचा. प्रत्यक्ष वहाणा दोनदा तिच्यासमोर मांडल्या गेल्या होत्या, पण मेलेल्या माणसाच्या वहाणेत डोकावून कोण पाहतो?

"उजव्या पायाले पाच बोटं आहेत," ती पुटपुटली. "डाव्याले चारच दिसून राहिले."

पंचफुला म्हणाली, "करंगळी शेजारच्या बोटावर चढली होती ना त्याहीची."

"लहानपणापासून," म्हातारी म्हणाली. "तेल लावून लावून सरळ कराची मी. होयेच ना." आणि फोटो तसाच डोळ्यांजवळ धरून ती रडायला लागली. पाच-सहा वर्षांत तिला मुलगा पहिल्यांदा दिसला होता, तो पायाने. मी कागदाच्या पाकिटांची आवराआवर करत बसलो, कारण मलाही कुठेतरी पाहणे भाग होते.

माफी वगैरे तिने मागितली नाही. तशी माणसे ती नव्हेत. डोळे पुसले, नाक शिंकरले आणि मला हुकूम सोडला.

"आता हिचा काढ."

पंचफुला दचकली. "माहा कावून, माय?"

"दौलतचा आज काढू उद्या काढू करत राह्यले तुमी. काढला का? तू रोज थ्या परांचीवर चढतं. उद्या काही झालं त बेबीनं काय तुह्या वहाणा पाहून माय ओळखावी?"

पंचफुला खुर्चीवर बसली. सिमेंटचे हात कुठे ठेवावे तिला कळेना. म्हातारीने स्टुलावरचा दुपट्टा उचलला, झटकला आणि सुनेच्या खांद्यावर स्वतःच्या हाताने नीट पसरला. मी दिवा बाजूला घेतला, पातळ कागद ताणला, नवी फिल्म भरली. इतक्या काळजीने मी साहेबांचेही फोटो काढले नव्हते.

फोटो न्यायला तिघी आल्या. चेहरा चांगला आला होता. काळा नाही, गोरा नाही, जसा होता तसा. भागरथाबाईने तो उजेडात धरला आणि तिच्या कपाळाला आठी पडली.

"दुपट्टा निळा नाई दिसून राहिला."

"माय, निळा कोणत्याच फिल्मवर निळा येत नाही. काळा येतो नाही तर पांढरा."

ती विचारात पडली. मग फोटो पालथा करून माझ्यापुढे सरकवला.

"मंग मागं लिहून दे. उद्या माह्यासारखं कोणी इचारलं त?"

मी पेन्सिलने लिहिले: पंचफुला, दौलतची बायको. दुपट्टा निळा आहे.

"वाचून दाखव," ती म्हणाली. मी दाखवले. तिने मान हलवली, पण फोटो पदराखाली घेतला नाही. दाराशी खेळणाऱ्या बेबीला हाक मारून तिने तो तिच्या हातात दिला आणि माझ्याकडे एक डोळा ठेवून म्हणाली, "तू वाच वं, बाई. काय लिहिलं यानं?"

बेबीने अक्षरावर बोट ठेवले आणि आईचे नाव वाचायला सुरुवात केली.